पदर, कडा आणि तांबडी रेघ

सह्याद्रीतील भूशास्त्रीय भटकंती नेहमीच्या गडफेरीपेक्षा फार सावकाश चालते. सराईत ट्रेकर जी चढण अडीच-तीन तासांत संपवतो तिला येथे अख्खा दिवस लागतो. वाटाड्या पुढे, भूशास्त्राचा जाणकार मध्ये आणि बाकीची मंडळी मागे, असा पंधरावीस जणांचा घोळका दर शंभर-दीडशे पावलांवर थांबतो. कोणी खिशातून भिंग काढतो, कोणी कातळाला नाक लावून उभा राहतो. माथा गाठणे हे या चालण्याचे मुख्य काम नव्हे. वाट इथे एकाएकी सपाट का झाली, पुढे लगेच हातापायांनी चढायचा कातळटप्पा का लागला, एवढ्या उंचीवर टाक्यात पाणी कुठून आले आणि कड्याला मधोमध ही तांबडी रेघ कशाची, एवढी उत्तरे डोंगराकडून काढून घेतली की फेरी सार्थकी लागते.

एक गैरसमज पायथ्यालाच दूर करावा लागतो. सह्याद्री म्हणजे विझलेला ज्वालामुखी, असे सहलीच्या बसमध्ये हमखास कोणीतरी सांगतो आणि मग माथ्यावर सगळे विवर शोधत फिरतात. ते सापडत नाही, कारण तसा शंकूसारखा डोंगर येथे रचलाच गेला नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा वर आला आणि उतू गेलेले दूध ओट्यावर पसरावे तसा पसरत गेला. तो थिजला, त्याच्यावर पुढचा लोट आला, तोही थिजला. आज दिसणारे डोंगर हे या थरांच्या चळतीतून पाण्याने कोरून काढलेले उरलेसुरले भाग आहेत. डोंगर लाव्ह्याचा आहे, पण त्याचा आकार पावसाने दिला आहे.

त्या काळी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. सरकताना तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्थानावरून गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेच स्थान आज हिंदी महासागरातील रेयुनियों बेटाखाली आहे आणि तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर जागा होतो. लाव्ह्याचा हा पसारा आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो. महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी चार भाग त्याचेच आहेत. झिजून गेलेले आणि समुद्राखाली गेलेले धरले तर मूळ विस्तार याच्या दुपटी-तिपटीचा असावा. पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी खोदलेल्या एका विंधनविवरात सुमारे 930 मीटर खाली गेल्यावर बेसाल्ट संपला आणि त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. दुसरे टोक आंध्रच्या किनाऱ्यावर आहे. राजमहेंद्रीजवळच्या बेसाल्टचे रसायन सह्याद्रीतील वरच्या थरांशी जुळते. तेव्हा काही लोट जुन्या नदीखोऱ्यांतून हजारएक किलोमीटर वाहत गेले असावेत. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्यांची गणना होते.

थरांच्या अशा रचनेमुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. जिन्याला स्वीडिश भाषेत असलेल्या शब्दावरून युरोपात अशा खडकांना ‘ट्रॅप’ म्हणत. तो शब्द दख्खनला जोडला लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून त्यांनी 1820 च्या दशकात हा मुलूख पायाखाली घातला, पक्ष्यांची यादी केली, पाऊस आणि हवा मोजली, आणि 1833 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात येथील खडकांचे वर्णन केले. 1828 च्या उन्हाळ्यात नाणेघाटातील लेण्यांची आणि शिलालेखांची नोंद घेणारे साइक्सही हेच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून धुक्यात दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची, म्हणजे इंद्रवज्राची, नोंदही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. एकाच माणसाने कड्याकडे, लेण्याकडे आणि ढगाकडे सारख्याच चौकसपणे पाहावे ही गोष्ट आजच्या वाटाड्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. भूशास्त्राच्या फेरीसाठी नाणेघाटाची वाट निवडण्यात त्यामुळे औचित्यही आहे आणि सोयही.

ही वाट कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखरे गावाच्या जवळून सुटते. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांवरचा माल याच घाटाने जुन्नरला चढत असे. चालायला लागण्यापूर्वी दहा मिनिटे रस्त्यावर उभे राहून समोरच्या भिंतीकडे नुसते बघणे हा फेरीतला पहिला धडा. श्रावण-भाद्रपदात तो सर्वांत सोपा असतो. काळा कडा, त्यावर हिरवी पट्टी, पुन्हा काळा कडा, पुन्हा हिरवी पट्टी, अशी आडवी रेघोटी डोंगरभर गेलेली दिसते, आणि शेजारच्या डोंगरावर ती त्याच उंचीला पुढे चालू राहते. मधली दरी नंतर कोरली गेली, थर आधी सलग होते, हे एवढ्यावरूनच कळते. या हिरव्या पट्ट्यांना गावकरी पदर म्हणतात. कड्याच्या कमरेशी असलेली झाडीने भरलेली सपाटी ती पदर. भीमाशंकरखालच्या पदरगडाच्या नावात हाच शब्द आहे.

कडा आणि पदर यांची जोडी एकेका लाव्हाप्रवाहाच्या अंगरचनेतून येते. लोट थंड होताना त्याचा मधला भाग सावकाश थिजतो, म्हणून तो घट्ट, एकसंध आणि टणक होतो. आकसताना त्याला उभ्या भेगा पडतात. पाणी अशा भेगेत शिरते, दगड उभाच्या उभा सुटून पडतो आणि मागे सरळ कडा उरतो. वरच्या भागात मात्र लाव्ह्यातून सुटणारी वाफ आणि वायू अडकून पडतात. तेथे दगड जाळीदार होतो, लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, मातीत झाडे रुजतात. विहीर खणणाऱ्यांना हे दोन्ही दगड भूशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहेत. टणक तो पाषाण आणि ठिपक्याठिपक्यांचा, पहारीला दाद देणारा तो मांजऱ्या. प्रत्येक कडा म्हणजे एकच लोट, असे मात्र धरून चालत नाही. कित्येक कड्यांत अनेक पातळ लोट एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते जवळ गेल्यावरच सुटे दिसतात.

जवळ जायचे ते एकेका प्रवाहाच्या तळाशी. वाटेच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर कधीकधी दगडात बोटभर लांबीच्या उभ्या नळ्यांची रांग दिसते. पेन्सिलीइतक्या जाड, खाली एकेकट्या, आणि काही वर जाऊन एकमेकींत मिसळलेल्या. ओलसर जमिनीवर लाव्हा पसरला तेव्हा तळाशी साचलेली वाफ आणि वायू वर निसटले, त्यांच्या या वाटा. आता त्यांत पांढरे खनिज भरलेले असते. काही नळ्या एका बाजूला झुकलेल्या असतात. लोट तेव्हाही हळूहळू सरकत होता, आणि ज्या दिशेला त्या झुकल्या त्यावरून तो कोणीकडे चालला होता याचा अंदाज करता येतो. सहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका दुपारची हालचाल दगडात अशी राहून जाते. फेरीतली बहुतेक मंडळी येथे पहिल्यांदा गप्प होतात.

याच टप्प्यावर प्रवाहांच्या जिभाही दाखवता येतात. एकेक जीभ काही मीटर रुंद, मध्ये फुगलेली, कडांना निमुळती, आणि पाव एकावर एक रचावेत तशी दुसरीच्या खळग्यात बसलेली. अशा लाव्ह्याची वरची साल आधी थिजते, आतून गरम लाव्हा येतच राहतो आणि साल वर उचलली जाते. तव्यावरून उतरवलेली भाकरी निखाऱ्यावर फुगते, पापुद्रा वर आणि वाफ आत, त्याचीच ही मोठी आवृत्ती. वरची साल गोधडीसारखे काम करते. आतला लाव्हा फारसा न निवता दूरवर पोचतो तो तिच्यामुळे. दख्खनचे लोट शेकडो किलोमीटर कसे गेले याचे बरेचसे उत्तर या गोधडीत आहे. धावत येणाऱ्या आगीच्या पुराचे चित्र रंगवायला सोपे, पण येथील पुरावा बऱ्याच ठिकाणी संथ, चिवट, महिनोन्‌महिने चाललेल्या पसरण्याचा आहे.

मग येते तांबडी रेघ. दोन काळ्या थरांच्या मध्ये वीतभरापासून मीटर-दोन मीटरपर्यंत जाडीचा, विटकरी रंगाचा, नखाने खरवडता येणारा थर दिसतो. घाटरस्त्यांच्या आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या कापांमध्येही तो लाखो प्रवाशांच्या नजरेसमोरून जातो. एक लोट थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मधला काळ गेला. पावसाने वरचा दगड कुजला, माती झाली, लोह गंजले. काही ठिकाणी राखही त्यात मिसळली. पुढच्या लोटाने ती माती भाजून काढली. रेघ म्हणजे दोन लोटांमधली विश्रांती. कुठे कुठे ही विश्रांती तळी साचण्याइतकी लांबली. मुंबईत वरळीला अशा तळ्याच्या गाळाचा थर मिळाला आणि त्यात छोट्या बेडकांचे जीवाश्म निघाले. लाव्ह्याच्या प्रदेशात सारे काही सतत जळत नव्हते, मध्ये पाऊसपाणी होते, बेडूक ओरडत होते, हे सांगणारा हा पुरावा.

या रेघेचा उपयोग दिनांक ठरवायलाही झाला. बेसाल्टमध्ये कालमापनाला सोयीचे झिरकॉन सहसा मिळत नाही, पण थरांमधल्या राखेच्या मातीत मिळते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने अशा नमुन्यांवरून 2015 साली दाखवले, की लाव्ह्याचा मुख्य भाग साधारण साडेसात लाख वर्षांत बाहेर पडला. भूशास्त्राच्या हिशेबात हे क्षणभराचे काम. डायनोसॉरांचा अंत याच सुमाराचा. त्याच सुमाराला मेक्सिकोत चिकशुलूब येथे मोठी अशनीही आदळली. लाव्ह्याचा मोठा वाटा त्या आघाताच्या आधीचा की नंतरचा, यावर प्रिन्स्टन आणि बर्कली येथील गटांनी 2019 मध्ये एकाच वेळी वेगवेगळी उत्तरे छापली. बर्कलीच्या मते बहुतेक लाव्हा नंतरचा, प्रिन्स्टनच्या मते एक मोठा लोट आघाताच्या थोडा आधीचा. दोन्ही गटांनी दगड मात्र याच घाटांतून नेले होते.

तांबड्या रेघेवर पाय थबकतात याला आणखी एक साधे कारण आहे: तेथे सावली असते. मऊ थर आधी झिजतो, वरचा कातळ छतासारखा पुढे राहतो आणि खाली कपार तयार होते. गुराख्यांचे आडोसे, साधूंच्या गुहा, डोंगराला बगल देऊन जाणाऱ्या आडव्या वाटा पुष्कळदा अशाच पातळीवर सापडतात. पाण्याचेही तेच. पावसाचे पाणी वरच्या भेगाळ, जाळीदार दगडातून मुरत खाली येते. चिकण तांबड्या थराशी किंवा खालच्या घट्ट पाषाणाशी अडते आणि आडवे वाहून कड्याच्या पोटातून बाहेर पडते. उन्हाळ्यातही झिरपणारी किल्ल्यांवरची काही टाकी या हिशेबाने खोदलेली आहेत. टाके खोदणाऱ्याने लाव्हाप्रवाह हा शब्द ऐकला नव्हता, पण कुठल्या पातळीला पाणी येते हे त्याला पक्के माहीत होते.

नाणेघाटाच्या वरच्या तोंडाशी असलेले लेणे पाहताना भूशास्त्राच्या फेरीचा इतिहासाच्या फेरीशी गोड झगडा सुरू होतो. सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखातील यज्ञांची आणि दानांची जंत्री, त्यातली अंकचिन्हे, हा विषय मोठा आहे. भारतातील अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. भूशास्त्राचा जाणकार त्याच भिंतीवर वेगळे काही दाखवतो. लेणे खोदायला दगड घट्ट हवा, पण भेगा कमी हव्यात. छिन्नी चालली पाहिजे आणि छत टिकले पाहिजे. असा थर हेरण्यात अर्धे यश होते. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत आणताना कारागिरांनी याच पाषाणावर भरवसा ठेवला. लेण्यातून बाहेर आल्यावर थोड्या अंतरावर तो प्रसिद्ध दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सांगतात.

माथ्यावर, नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्याच्या टोकाशी, जमीन संपते. समोर कोकण सहाशे-सातशे मीटर खाली. हा कडा येथे का आहे, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. लाव्हा पसरला त्याच कालखंडाच्या अखेरीस भारतापासून सेशेल्सचा तुकडा सुटला आणि अरबी समुद्र रुंदावू लागला. पश्चिमेकडचा भाग खचला, वाकला. मुंबई-पनवेल भागात थर समुद्राकडे कललेले दिसतात ते त्यामुळे. त्यानंतर कोकणातले आखूड, जोरकस ओढे कड्याला पायथ्याशी कुरतडत राहिले आणि कडा तसूतसूने पूर्वेकडे सरकत आजच्या जागी आला. माथ्याचा उतार मात्र पूर्वेकडेच राहिला. अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत उगम पावणाऱ्या नद्या त्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराला जातात, हे कोडे येथे उभे राहिले की सुटते. पावसाळ्यात ज्या ‘उलट्या धबधब्या’साठी नाणेघाटात झुंबड उडते, तो याच कड्याचा खेळ. समुद्रावरून आलेला वारा भिंतीला आपटून वर चढतो आणि पडणारे पाणी उचलून परत माथ्यावर भिरकावतो. रील काढणाऱ्यांची गर्दी कड्याच्या ओल्या, शेवाळलेल्या कडेला उभी असते ती पाहणे जिवाला घोर लावणारे आहे.

शेजारच्या जीवधन किल्ल्याला लागून वानरलिंगीचा सुळका आहे, ऊर्फ खडा पारशी. अशा सुळक्यांना ज्वालामुखीची नळी समजण्याची चूक होते. सुळक्यातले आडवे थर किल्ल्याच्या कड्यातल्या थरांशी जुळतात. उभ्या भेगांवर झीज होत होत तो मूळ डोंगरापासून वेगळा पडला, एवढेच. लाव्हा वर आला त्या वाटा पाहायच्या तर नजर उभ्या भिंतींकडे वळवावी लागते. आडव्या थरांना आरपार छेदून जाणारी, मीटरभर ते कित्येक मीटर जाडीची दगडी भिंत कधी डोंगराच्या धारेवर उंचवट्यासारखी उभी असते, तर कधी तीच आधी झिजून तिच्या जागी अरुंद नाळ तयार होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. लोटात भेगांचे खांब उभे असतात, कारण थंडावा वरून आणि खालून येतो. भिंतीला तो दोन्ही बाजूंनी लागतो, म्हणून तिचे खांब आडवे पडतात, लाकडाच्या ओंडक्यांची थप्पी रचल्यासारखे. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती पूर्व-पश्चिम रांगेने गेल्या आहेत; काहींची लांबी पन्नास किलोमीटरच्या वर आहे. जमिनीखाली या भिंती भूजल अडवतात. भिंतीच्या एका अंगाची विहीर मार्चमध्ये तळ गाठते आणि दुसऱ्या अंगाची मेपर्यंत पुरते, याची कारणे शोधताना भूजलतज्ज्ञ आधी भिंत शोधतात.

नाणेघाटाची फेरी पुढे वाढवायची तर कुकडी नदीचा हात धरावा. ती जवळच, पूर गावच्या कुकडेश्वराच्या परिसरात उगम पावते. जुन्नर तालुक्यातच तिच्या काठी बोरी आहे. तेथील गाळात राखाडी-पांढऱ्या ज्वालामुखी राखेचा थर मिळतो आणि त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे. ही राख सह्याद्रीची नव्हे. ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. लाव्ह्याच्याच प्रदेशात, पण कोट्यवधी वर्षांनंतर, भलत्याच ज्वालामुखीची राख आभाळातून येऊन पडली. ती सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून बऱ्याच जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही.

आणखी खाली, शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातले निघोज यांच्या मध्ये, त्याच कुकडीने पात्रातला कातळ पोखरून रांजणखळगे केले आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेला गोटा खडकातल्या एखाद्या खळग्यात अडकतो आणि जात्यासारखा गरगरत राहतो. खळगा खोल होतो, गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. दोन रांजणांमधली भिंत फुटून ते एक होतात आणि नदी एका अरुंद घळीतून वाहू लागते. उन्हाळ्यात रांजणात वाकून पाहिले तर तळाशी गुळगुळीत गोटे पडलेले असतात. काम थांबलेले नाही, पावसाळ्यापर्यंत सुटी आहे. घाटमाथ्यावरचा रांजण माणसाने कोरलेला, इथले नदीने. दगड त्याच जातीचा.

थरांचा क्रम एका डोंगरात पुरता कळत नाही, कारण ते सगळे किंचित दक्षिणेकडे कललेले आहेत. हा कल एका अंशाहूनही कमी, डोळ्याला न दिसणारा. त्यामुळे नाशिककडून कोल्हापूरकडे जाताना प्रवासी नकळत जुन्या थरांवरून नव्या थरांवर येतो. 1646 मीटर उंचीची कळसूबाई महाराष्ट्रात सर्वांत उंच असली, तरी सर्वांत नवे थर तिच्या माथ्यावर नाहीत, ते महाबळेश्वर-पन्हाळ्याकडे आहेत. भूशास्त्रज्ञांनी या थरगटांना दिलेली नावे वाचताना एसटीच्या फलकाची आठवण होते: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. ही विभागणी मुख्यतः दगडाच्या रसायनावर आधारलेली असल्यामुळे नुसत्या नजरेने ‘हा नेरळ, तो ठाकूरवाडी’ असे सांगणाऱ्या मार्गदर्शकावर फार विश्वास ठेवू नये. अपवाद एका देखण्या दगडाचा. काही थरगटांच्या माथ्याशी असलेल्या लोटांत फेल्डस्पारचे पांढरट, चपटे, चार-पाच सेंटिमीटरपर्यंत लांबीचे स्फटिक काळ्या दगडात काड्या विखुरल्यासारखे पडलेले असतात. हे स्फटिक लाव्हा जमिनीखाली मुक्कामाला असताना सावकाश वाढले आणि वाढलेलेच वर आले. मंचर, कशेळे, थळघाट ही अशा लोटांची नावे, आणि एकाला तर रेल्वेच्या पाचव्या बोगद्याचे नाव आहे.

खनिजांचा मोह हा या फेरीतला नाजूक भाग. लाव्ह्यातील पोकळ्यांमध्ये नंतर मुरलेल्या गरम पाण्याने सिलिका आणि झिओलाइट वर्गातली खनिजे आणून बसवली. शेतात सापडणारी गारगोटी त्यातलीच. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया, स्टिलबाइटचे फिकट गुलाबी पंखे, अपोफिलाइटचे काचेसारखे हिरवट ठोकळे यांच्यासाठी दख्खन जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले कॅव्हनसाइट तर गडद निळ्या फुलासारखे. त्याचे इतके चांगले नमुने दुसरीकडे क्वचितच मिळतात. हे सारे निवांत पाहायचे तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय गाठावे. डोंगरात मात्र हातोडा पिशवीतच राहिलेला बरा. किल्ले आणि लेणी ही बहुधा संरक्षित स्मारके असतात, भीमाशंकर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्ये आहेत. तेथून दगड फोडून नेणे बेकायदा आहे. शिवाय कड्यातली एक पोकळी फोडली की मागून येणाऱ्या शंभर जणांचा धडा पुसला जातो.

आणखी काही जागांचा उल्लेख केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. मुंबईत अंधेरीला इमारतींनी वेढलेली गिल्बर्ट टेकडी सुमारे साठ मीटर उंचीच्या उभ्या बेसाल्ट खांबांची आहे. वर गावदेवीचे मंदिर आहे आणि पायऱ्या चढून अर्ध्या तासात फेरी होते. पाचगणीचे टेबललँड आणि कासचे पठार जांभ्याचे. बेसाल्ट लाखो वर्षे पावसात धुऊन निघाल्यावर मागे उरलेला लोह-ॲल्युमिनियमचा हा तांबडा सांगाडा, आणि कासची फुले त्याच्यावरच्या इंच-दोन इंच मातीची. बुलढाण्यातले लोणार मात्र लाव्ह्याचे विवर नाही. जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचा तो खळगा बेसाल्टवर अशनी आदळून झालेला आहे, आणि बेसाल्टवर झालेली अशी विवरे पृथ्वीवर फारच थोडी. ज्वालामुखीच्या प्रदेशातले सर्वांत गोल विवर ज्वालामुखीचे नसावे, हा योगायोग मार्गदर्शक मोठ्या चवीने सांगतात.

फेरीचा मोसम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर गवत वाळते, वणवे लागतात आणि थरांचे सांधे उघडे पडतात, त्यामुळे अभ्यासकांना उन्हाळाही चालतो. सामान्य मंडळींना तापलेला कातळ सोसत नाही. भिंग, होकायंत्र, घसाऱ्यावर पकड घेणारे बूट, माणशी तीन लिटर पाणी, एवढे सामान पुरे. सौम्य आम्लाची बारीक बाटली जाणकाराकडे असते. पांढऱ्या खनिजावर थेंब टाकला आणि फेस आला तर कॅल्साइट, नाही आला तर बहुधा झिओलाइट किंवा गारगोटी. कड्यांवर आग्या मोहोळ असते, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा वर्ज्य. गावातला वाटाड्या मात्र हवाच. जुन्नर-अकोल्याच्या महादेव कोळी वाड्यांतली माणसे हे डोंगर शाळेच्या वाटेसारखे ओळखतात. भूशास्त्राचा पदवीधर थर ओळखतो, पण कुठली वाट पावसात सुटली आहे ते त्याला ठाऊक नसते.

पदरावरची जमीन सपाट, माती बरी, झरा जवळ. म्हणूनच वस्त्या तेथे झाल्या, आणि धोकाही तेथेच आहे. अतिवृष्टीत पदरावरचा कुजलेला मुरूम आणि माती पाण्याने फुगते आणि खालच्या घट्ट पाषाणावरून घसरते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावात दीडशेच्या आसपास माणसे अशीच गाडली गेली. महाडजवळच्या तळियेवर 22 जुलै 2021 रोजी आणि इर्शाळगडाच्या पदरावरच्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. आता बऱ्याच फेऱ्यांमध्ये परतीच्या वाटेवर दरडीच्या खुणा दाखवतात. उताराला पडलेली नवी अर्धवर्तुळाकार भेग, एकाच बाजूला कललेली झाडे आणि विजेचे खांब, एकाएकी गढूळलेला किंवा आटलेला झरा. यातली झऱ्याची खूण दगड पाहून कळत नाही. त्यासाठी उतरताना वाडीत चहाला टेकावे लागते आणि पाणी भरणाऱ्या बायकांना विचारावे लागते, की यंदा झऱ्याचे पाणी कसे आहे.